इतर हक्क

पौडच्या आमच्या मामाला गाणं ऐकवलं की तो ताल धरत नाही, मान डोलावत नाही, डोळे मिटून तल्लीनबिल्लीनही होत नाही. प्रांतसाहेबांसमोर बसावं तसा गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसतो आणि गाणं संपलं की एकच विचारतो, "नोंद आहे का?"

नोंद म्हणजे पुरस्काराची नोंद. कुठला मिळाला, कुठल्या सालचा, कुणाच्या नावे, आणि प्रत्यक्ष हातात पडला की नुसताच पेपरात आला. गाणं चांगलं की वाईट हा मामाच्या लेखी दुय्यम मुद्दा. "चांगलं काय, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकापण गातात. कागद काय म्हणतो ते सांग."

कागद हा मामाचा कुलस्वामी. तो तलाठी म्हणून लागला आणि २०१४ साली मंडल अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडचा सर्कल, म्हणून निवृत्त झाला. गाव अजून त्याला भाऊसाहेबच म्हणतं. आमच्या मुळशी तालुक्यात गुंठ्याचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक असायचा, त्या सगळ्या वर्षांत हा माणूस सही-शिक्का घेऊन खुर्चीत होता, आणि तरी त्याच्या नावावर आजोबांनी ठेवलेलं इंद्रायणी भाताचं एक खाचर सोडून काही नाही. याबद्दल मामी दोन प्रकारे बोलते. पाहुणे असताना अभिमानानं, आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासताना.

ज्या तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, तिथं जमिनीच्या कागदाला देवघरातल्या पोथीइतका मान असायचाच. पण जमिनीचा कागद आणि सिनेमाचं गाणं यांची गाठ बसली ती ताम्हिणीच्या पावसात. मामाचा पहिला सजा तिकडचा. श्रावण संपेपर्यंत समोरचा डोंगर दिसायचा नाही. सोबतीला भिजू नये म्हणून गोणपाटात गुंडाळलेलं दप्तर आणि एक ट्रान्झिस्टर. एका रात्री रेडिओवर कुठल्याशा गाण्याला पुरस्कार मिळाल्याचं निवेदक सांगून गेला. मामाला वाटलं, हे कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे. हाताशी होता सातबाऱ्याचा कोरा फॉर्म. त्यावर लिहिलं. सरकारी फॉर्म खाजगी कामाला वापरला ही बोच त्याला अजून आहे. पुढच्या सगळ्या नोंदी स्वखर्चाच्या वहीत झाल्या.

त्या एका वहीच्या चार वह्या झाल्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या. गावाच्या जागी चित्रपटाचं नाव. भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या रकान्यात संगीतकार. आणि 'इतर हक्क' या रकान्यात गीतकार, गायक, गायिका. ज्यानं सातबारा हातात धरलाय त्याला इतर हक्क म्हणजे काय ते सांगायला नको. कूळ, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, लग्न होऊन गेलेली बहीण. या रकान्यातल्या माणसाला बांधावर उभं राहता येतं, जमीन माझी असं म्हणता येत नाही. खाली पीकपाहणीत वर्षवार पुरस्कार. ज्या साली काही पिकलं नाही, त्या सालापुढं 'पड'.

आणि पेन्सिल. हाताने लिहायच्या सातबाऱ्याची एक पद्धत होती. खरेदीखताची नोंद धरली, पण मंजूर व्हायचीय, तर तलाठी ती पेन्सिलीनं लिहायचा. सर्कलनं प्रमाणित केली की शाई. जुन्या मालकाचं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा नंबर वर्तुळात टाकायचा. म्हणजे कोण होता आणि कुठल्या नंबरानं गेला, दोन्ही दिसतं. मामाच्या वहीत नामांकनं पेन्सिलीनं असतात आणि पुरस्कार शाईनं. नामांकन होऊन पुरस्कार हुकला तरी तो पेन्सिल पुसत नाही. त्यामुळे १९६१च्या फिल्मफेअरच्या पानावर 'मुघल-ए-आझम'समोर नौशाद अजून पेन्सिलीत आहेत. शाईत आहेत शंकर-जयकिशन, 'दिल अपना और प्रीत पराई'साठी. मामा तेव्हा पाच वर्षांचा होता. पण त्या निकालाचा राग त्याला असा येतो, की जणू त्याच्याच बांधाचा दगड रात्रीत कुणी सरकवलाय.

१९७३चं पान तर तो पाहुण्यांना चहाआधी दाखवतो. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच गेले, सिनेमा आला १९७२ साली, आणि फिल्मफेअर गेलं 'बेईमान'ला. त्याच 'बेईमान'मधल्या कामासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. 'पाकीजा'च्या संगीतावर अन्याय झाला म्हणून त्यांनी तो घेतला नाही. "याला म्हणतात हरकत!" मामा मांडीवर थाप मारतो. "आणि कुणी घेतली? ज्याचा त्या जमिनीशी संबंध नाही त्यानं. आपल्याकडं सख्खा भाऊ मुदतीत हरकत घेत नाही." प्राण यांच्या नावाला वहीत कंस आहे, पण लाल शाईचा. साऱ्या दप्तरात एवढाच एक लाल कंस.

माझी नोकरी हिंजवडीत. तिथले सगळे लोक आपण पुण्यात काम करतो असं सांगतात. मामाला हे खपत नाही. "हिंजवडी तालुका मुळशी. आयटी पार्क मुळशीत आहे. पुण्यात तुमची फक्त ट्रॅफिक आहे." शनिवारी मी पिरंगुटचा घाट उतरून पौडला पोचलो की तो वही काढूनच बसलेला असतो. वही उघडायच्या आधी हात धुतो, चष्म्याची काच बनियनला पुसतो, पेनाचं टोपण उघडून झटकून बघतो, आणि मग माझी परीक्षा घेतो. "लता मंगेशकर पुरस्कार. कोण देतं?" मी म्हणतो, महाराष्ट्र सरकार. "आणि?" आणि मध्य प्रदेश सरकार, १९८४पासून. "आणि?" आणि २०२२पासून मंगेशकर कुटुंबीयांच्या प्रतिष्ठानचा, त्यात दीनानाथांचं नाव मध्ये. "मग नुसतं 'लता पुरस्कार मिळाला' म्हणून बातमी देणाऱ्याला काय म्हणायचं? गट नंबर नको?"

फाळक्यांच्या बाबतीत तर त्याचा रक्तदाब वाढतो. खरा दादासाहेब फाळके पुरस्कार केंद्र सरकारचा, १९६९ सालापासूनचा, पहिला देविकाराणींना. गाण्याच्या लोकांत तो पंकज मलिकांना मिळाला, नौशादना, लताबाईंना, भूपेन हजारिकांना. गीतकारांत मजरूह सुलतानपुरींना १९९३चा, मग कवी प्रदीपांना. ही यादी मामा भीमरूपीसारखी न अडखळता म्हणतो. पण फाळक्यांच्या नावाचे पुरस्कार हल्ली गल्लोगल्ली निघालेत आणि ज्याला मिळाला तो फेसबुकावर 'फाळके पुरस्कारप्राप्त' लिहितो. "बोगस उतारा," एवढंच म्हणून मामा पान उलटतो.

एवढा काटेकोर माणूस, पण दोन ठिकाणी त्याचा कागद ढिला पडतो. एक म्हणजे पौडवाल. राज्य चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट गीताचं पारितोषिक ग. दि. माडगूळकरांच्या नावानं आहे आणि उत्कृष्ट संगीताचं अरुण पौडवाल यांच्या नावानं. मामाचं म्हणणं, पौडवाल म्हणजे पौडचे. त्यात वाद नाही. कागद? "आडनावच कागद आहे." म्हणजे महाराष्ट्रात दर साली जो कुणी उत्कृष्ट संगीतकार ठरतो, तो मामाच्या हिशेबी पौडचाच पुरस्कार घेऊन जातो. निकालाच्या दिवशी तो एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात दोन चहा जास्त सांगतो.

दुसरं ठिकाण म्हणजे आनंदघन. लताबाईंनी १९६० साली 'राम राम पाव्हणं'ला स्वतःच्या नावानं संगीत दिलं आणि पुढचे चार मराठी चित्रपट 'आनंदघन' या नावानं केले. त्यातला भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं'. राज्य पुरस्कारांच्या समारंभात उत्कृष्ट संगीतासाठी आनंदघन हे नाव पुकारलं गेलं आणि कुणी उठेचना. लताबाई सभागृहातच बसलेल्या, गप्प. शेवटी आनंदघन म्हणजे याच, असं कुणीतरी जाहीर केलं तेव्हा कुठं त्या उठल्या, असं सांगतात.

मामा हे सांगत नाही, करून दाखवतो. पुकारणारा तोच, न उठणारं सभागृह तोच, शेवटी पदर सावरून उठणाऱ्या लताबाईही तोच. बंडीला पदर नसतो, म्हणून टॉवेल सावरतो. "बेनामी व्यवहार आयुष्यभर बघितले," तो म्हणतो. "सगळ्यात मालक लपतो ते कर चुकवायला. पुरस्कार चुकवायला लपलेली मालकीण ही एकच." ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मामानं ती पेपरात वाचली होती. काही वर्षांनी त्याचा एक साहेब त्या समारंभाला हजर होता. परवा परवा मामा स्वतःच तिसऱ्या रांगेत बसला होता.

"तिसऱ्या रांगेत नाही, तिसरीत," मामी आतून म्हणाली. "पौडच्या शाळेत."

"वारस हक्कानं सांगतोय," मामा म्हणाला. विषय संपला.

'मुळशी पॅटर्न' आला २०१८ साली. तालुक्यातून माणसं ट्रकनं सिनेमाला गेली. जमीन विकलेल्या बापांची आणि त्यांच्या पोरांची ती गोष्ट मामानं खुर्चीच्या कडेवर बसून पाहिली. अर्धी पात्रं त्याच्या टेबलापुढून गेलेली. परत येताना चांदणी चौकापर्यंत एक शब्द बोलला नाही. भूगावच्या वळणावर म्हणाला, "संगीत नरेंद्र भिडे. शिक्षणानं इंजिनिअर." मग पुन्हा गप्प. 'अरारारा' पुढं दोन वर्षं प्रत्येक वरातीत वाजलं, मामाच्या खिडकीखालीही, रात्री साडेअकराला. त्यानं पोलिसांना फोन केला नाही. खिडकी उघडून वाजवणाऱ्या पोराला विचारलं, "गीतकार कोण?" पोरानं दोन्ही हात वर केले. "प्रणित कुलकर्णी," मामा वरून ओरडला. "नाचताय तर नाव माहीत पाहिजे!" डिसेंबर २०२०मध्ये नरेंद्र भिडे गेल्याची बातमी आली त्या दिवशी त्यानं वही काढली, ते पान उघडलं आणि काही न लिहिता तासभर तसंच ठेवलं. मामी म्हणते, त्या दिवशी चहा दोनदा गार झाला.

मामाच्या गळ्यातला ताईत मात्र अजय-अतुल. कारण संगीत नव्हे. कारण त्यांचे वडील महसूल खात्यातले. बदल्यांमागून बदल्या, आणि पोरांचं लहानपण पुणे जिल्ह्यातल्याच गावोगावी. "आमच्या खात्यातली पोरं," मामा म्हणतो, आणि छाती अशी काढतो की वाटावं, गोगावले बंधूंना हार्मोनियम यानंच मंजूर केली. 'जोगवा'ला त्यांना उत्कृष्ट संगीताचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पुरस्कार २००८ सालचा, हातात पडला २०१०मध्ये. बाकीचं जग या उशिरावर कुरकुरलं असेल; मामाला तो आपल्या खात्याचाच रिवाज वाटला.

'जोगवा'चं पान म्हणजे त्याच्या दप्तराचा दागिना. उपेंद्र लिमये उत्कृष्ट अभिनेता. 'जीव रंगला'साठी हरिहरन उत्कृष्ट गायक. त्याच गाण्यासाठी श्रेया घोषाल उत्कृष्ट गायिका, पण तिच्या पुरस्कारात 'अंतहीन' या बंगाली चित्रपटातलं गाणंही धरलेलं. म्हणून तिच्या नावापुढं मामानं बारीक अक्षरात लिहिलंय, 'सामाईक'. आणि त्या साली उत्कृष्ट गीताचा पुरस्कार? तो गेला त्याच बंगाली गाण्याला. 'जीव रंगला' लिहिणारे संजय कृष्णाजी पाटील राहिले. इथं मामा वहीवर बोट ठेवून थांबतो, आणि मीही थांबतो, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे.

"चाल लावली त्याला मिळालं. गायलं त्याला मिळालं. गायली तिला मिळालं. लिहिलं तो इतर हक्कात. आणि आडनाव पाटील!"

गीतकार हा मामाच्या जिवाचा सल आहे. 'लेकिन'चं पान त्याला निर्वेध उताऱ्यासारखं वाटतं, कारण १९९०च्या त्या राष्ट्रीय पुरस्कारांत हृदयनाथांना संगीताचा, लताबाईंना गायनाचा आणि गुलजारांना गीताचाही मिळाला. वर कोल्हापूरच्या भानू अथय्यांना वेशभूषेचा. "सगळ्यांची खातेफोड व्यवस्थित. कुणाचा दावा नाही." पण असं पान शंभरात एखादं. 'सैराट' आला २०१६ साली तेव्हा मामाला निराळाच पेच पडला. अजय-अतुल या पोरांनी चालीही लावल्या आणि बरीचशी गाणीही स्वतःच लिहिली. तेवढ्यावर न थांबता वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर जाऊन वाजवून घेतला. आता इतर हक्कात कुणाला टाकायचं? मामानं दोन दिवस विचार केला, मग दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं आणि शेऱ्यात कूळ कायद्याची जुनी घोषणा: 'कसेल त्याची जमीन.'

१३ मार्च २०२३ला पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. त्या वेळेला पौडहून फोन म्हणजे काळजात धस्सच होतं. "टीव्ही लाव," मामा म्हणाला. ऑस्कर. 'नाटू नाटू'चं नाव निघेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही. बोलत काही नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागं मामीच्या कुकरची पहिली शिट्टी. नाव पुकारलं आणि दोन माणसं मंचावर गेली. एक संगीतकार कीरवाणी, दुसरे गीतकार चंद्रबोस.

"बघितलंस?" मामाचा आवाज चिरकला. "दोघांना! एका पुरस्काराचे दोन भोगवटादार, समसमान! 'जय हो'लासुद्धा तसंच. रहमान आणि गुलजार. गुलजार तर गेलेच नव्हते, तरी नाव लागलं. हजर राहायची अट नाही!"

मी म्हटलं, "मामा, गायकांना नाही मिळालं पण."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मूळ गाण्याचं ऑस्कर हे गाणं रचणाऱ्यांना देतात, गाणाऱ्याला नाही, हे मामाला ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवावं अशी मात्र त्याची इच्छा नव्हती. "त्यांचा स्वतंत्र अर्ज करावा लागेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मामाला स्वतःला आयुष्यात एकच सन्मान मिळाला. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. शाल मामीनं लोणच्याच्या बरणीला बांधली, नारळाच्या करंज्या झाल्या, घड्याळ दहा मिनिटं मागं पडतं आणि तसंच चालतं. वहीत याची नोंद नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "स्वतःच्या नावची नोंद स्वतः धरता येत नाही. नियम आहे."

मामीचा प्रश्न वेगळा. गदिमा प्रतिष्ठान दर वर्षी माडगूळकरांच्या स्मृतिदिनी, १४ डिसेंबरला, पुरस्कार देतं. त्यात एक 'गृहिणी-सखी-सचिव' नावाचा असतो, नामवंतांच्या पत्नीसाठी. मामानं हे मोठ्या कौतुकानं मामीला वाचून दाखवलं. मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गृहिणी मी आहेच. सचिव पण आहे, तुमच्या वह्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला कोण घालतं? सखीचं तेवढं बघा." मामानं पुढचं पान वाचायला घेतलं ते मनात.

गेल्या गणपतीत वाडीतल्या एका पोराचा सत्कार होता. त्यानं कुणाच्या तरी वीस मिनिटांच्या सिनेमाला संगीत दिलं होतं, गाणंही स्वतःच लिहिलेलं, आणि त्याला 'आंतरराष्ट्रीय' पुरस्कार मिळाला होता. मंडळानं फ्लेक्स लावला. भाऊसाहेब सगळ्यांत जाणते म्हणून शाल त्यांच्या हस्ते. मामानं आधी ते सन्मानपत्र मागून घेतलं. उजेडाकडं धरलं. मागं-पुढं बघितलं. पोराला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "आंतरराष्ट्रीय म्हणजे देश कुठला?"

"ऑनलाइन असतं ते," पोरगा म्हणाला.

"फी भरली होती?"

पोरानं मान खाली घातली. मला वाटलं, आता संपलं. हा माणूस माईकवरून 'बोगस उतारा' म्हणणार. पोराची आई पहिल्या रांगेत नवं पातळ नेसून बसलेली. मामा मंचावर गेला, शाल झटकून नीट उलगडली, पोराच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि माईक समोर असूनही काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं. गाणं ऐकवायला लावलं. गुडघ्यांवर हात ठेवून ऐकलं. 'नोंद आहे का' विचारलं नाही. चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव लिहून त्याला दाखवलं. पेन्सिलीनं. पोराला त्याचा अर्थ कळला नाही. तो म्हणाला, "आजोबा, पेन देऊ का?"

भाऊबीजेला आईला घेऊन पौडला गेलो तेव्हा मामाच्या मांडीवर पाचवी वही होती आणि हातात नातवाचा फोन. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून गोळा केल्या, हे त्याला कुणाकडून तरी नुकतंच कळलं होतं. पुढं हे काम मुळशीबाहेर गेलं आणि ओव्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. मामा फोनवर एकेक गाव उघडून बघत होता. ओव्या ऐकत नव्हता. नोंदी वाचत होता. "बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे," तो आईला म्हणाला. "गीतकार तीच, संगीतकार तीच, गायिका तीच. ताई, एवढं स्वच्छ रेकॉर्ड आपल्या खात्यात नव्हतं गं."

"आपली आई आहे त्यात?" आईनं विचारलं.

"नाही. आपल्या वाडीला कुणी आलं नाही. आलं असलं तरी आई कुठं कुणासमोर गायची."

पाचव्या वहीचं पहिलं पान उघडं होतं. चित्रपटाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'जातं'. भोगवटादार, आजीचं नाव. ते मात्र शाईत. इतर हक्क कोरं. पीकपाहणीपुढं त्यानं 'पड' लिहिलं नव्हतं, दुसरंही काही लिहिलं नव्हतं.

"माहेरचं नाव लावायचं का सासरचं, ते सांग," मामा म्हणाला. "इथं अडलोय सकाळपासून."

"तिनं ओवीत स्वतःचं नाव कधी घातलंच नाही," आई म्हणाली. "तुझं घालायची."

"माझं?"

"तू ताम्हिणीला होतास ना, तेव्हा. पाऊस लागला की पहाटे जात्यावर रोज तेच. माझा राघू कचेरीच्या गावाला गेलाय, कागद भिजतील म्हणून छत्री त्यांच्यावर धरतो, आणि स्वतः भिजतो, असं काहीतरी होतं बघ. मला चाल आठवते. शब्द पुढचे गेले."

मामा बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिला. मामी ओवाळणीचं ताट घेऊन दारात येऊन थांबली होती, तीही आत आली नाही. मग त्यानं वही आईच्या पुढ्यात सरकवली आणि इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तू लिही," तो म्हणाला. "मला धरता येत नाही."

आईनं त्याच्या खिशातलं पेन काढलं, तसा त्यानं तिचा हात धरला.

"पेन नको. पेन्सिल घे."